अभ्यासिकेचे वाय-फाय: वेग आणि वीज यांचा एकत्र हिशेब

तारायंत्री (मूळ लेख)

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे मित्रमंडळ स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवते. तळमजल्यावर ८० आणि वरच्या मजल्यावर ६० अशा १४० खुर्च्या आहेत; प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि तिसेक जणांकडे लॅपटॉपही असतो. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या वाय-फायची आखणी नव्याने करण्याचे काम माझ्याकडे आले. शाळा, वसतिगृह, पतसंस्था, मंगल कार्यालय अशा कोणत्याही ठिकाणी थोड्याफार फरकाने हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून त्या कामातून जे हाती लागले ते इथे सविस्तर मांडतो आहे.

जुनी व्यवस्था अशी होती. तळमजल्याच्या कोपऱ्यात कपाटावर सहा अँटेनांचा एक दणकट राउटर होता, जिन्यात एक आणि वर दोन असे तीन रिपीटर होते, आणि ही चारही उपकरणे २.४ गिगाहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर बोलत होती. प्रत्येक उपकरण चार नावे प्रसारित करत होते: विद्यार्थी, कार्यालय, पाहुणे आणि कॅमेरा. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसत, आणि तरीही संध्याकाळी सात वाजता साधी प्रश्नपत्रिका उतरवून घेताना वर्तुळ फिरतच राहायचे.

समितीच्या बैठकीत मागण्या दोन आल्या. नेट वेगवान हवे, आणि भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरवर पडणारा भार कमी व्हायला हवा. आमचे खजिनदार म्हणाले, ‘गाडी पळवायची तर पेट्रोल जास्त जाळावे लागते, तुम्ही दोन्ही कसे देणार?’ प्रश्न रास्त होता, पण रेडिओला ही तुलना लागू पडत नाही. रेडिओमध्ये सर्वात महाग पडते ते कान देऊन बसणे. लहान उपकरणातील वाय-फायची चिप बोलताना जेवढी वीज घेते त्याच्या साधारण निम्मी वीज ती नुसती ऐकत असतानाही घेते, आणि बोलण्याचे क्षण एकूण वेळेच्या तुलनेत फारच थोडे असतात. त्यामुळे ज्याचे बोलणे लवकर आटोपते तो लवकर झोपू शकतो. तो झोपला की त्याची बॅटरी वाचते, आणि त्याच वेळी हवा दुसऱ्यासाठी मोकळी होते. मी याला ‘हवेतला वेळ’ म्हणतो. आखणी करताना मोजायची वस्तू हीच आहे. काड्या नव्हेत, आणि खोक्यावर छापलेला मेगाबिटांचा आकडाही नव्हे.

आमच्याकडे हा वेळ कुठे जात होता ते एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसल्यावर कळले. प्रत्येक राउटर आपल्या प्रत्येक नावाची दवंडी दर १०२.४ मिलिसेकंदांनी पिटत असतो; तिला बीकन म्हणतात. आमच्याकडे ती साधारण ३०० बाइटची होती, आणि जुन्यात जुन्या उपकरणालाही कळावी म्हणून सेकंदाला १ मेगाबिट या गतीने, म्हणजे १९९७ च्या ८०२.११ या वाय-फायच्या पहिल्या मानकातील सर्वात मंद गतीने जात होती. ३०० बाइट म्हणजे २४०० बिट, त्यांना २.४ मिलिसेकंद लागतात, आणि सुरुवातीची जुळवणी धरली की २.६. चार उपकरणे आणि चार नावे मिळून १६ दवंड्या झाल्या, त्यांना ४१.६ मिलिसेकंद लागले. म्हणजे एकाही विद्यार्थ्याने एक बाइटही मागवण्याआधी दर १०२.४ मिलिसेकंदांतील ४० टक्के वेळ राउटरांच्या स्वतःच्या नामघोषातच संपत होता! उरलेल्या वेळात रिपीटर प्रत्येक संदेश ऐकून पुन्हा त्याच चॅनेलवर उच्चारत होते, म्हणजे वरच्या मजल्याच्या प्रत्येक बाइटला दुप्पट हवा लागत होती.

नवी आखणी त्या मानाने साधी आहे. तीनही रिपीटर काढले. तळमजल्यावर दोन आणि वर दोन असे चार ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन ते वाय-फायने पसरवणारी खोकी) छताला लावले, आणि प्रत्येकापर्यंत कॅट-६ केबल नेली. वीजही त्याच केबलमधून पीओई स्विचमार्फत जाते. नावे दोनच ठेवली. सर्वांना ५ गिगाहर्ट्‌झवर चार वेगवेगळे चॅनेल दिले आणि रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्‌झ ठेवली. २.४ गिगाहर्ट्‌झ फक्त दोन ॲक्सेस पॉइंटवर, १ आणि ११ या चॅनेलांवर चालू ठेवले, आणि तिथली सर्वात मंद गती ६ मेगाबिट केली; त्यामुळे तीच दवंडी आता ०.४२ मिलिसेकंदात होते, आणि एका चॅनेलवर दोन नावांचा खर्च एका टक्क्याच्याही आत आला. शेवटी प्रसारणाची शक्ती १०० मिलिवॉटवरून २५ मिलिवॉटवर आणली. हे शेवटचे वाक्य समितीला अजून पटलेले नाही.

---

मृद्गंध

लेख आवडला. मी अशाच एका अभ्यासिकेत दोन वर्षे बसले आहे, त्यामुळे फिरणारे वर्तुळ चांगलेच परिचयाचे आहे. समितीप्रमाणे मलाही शक्ती कमी करण्याचा मुद्दा समजला नाही. शक्ती एक चतुर्थांश केली तर रेंज कमी होणार, आणि रेंज कमी झाली की वेगही कमी होणार, असे नाही का?

---

तारायंत्री

रेंज कमी होते हे खरेच आहे, आणि तेच हवे आहे. ॲक्सेस पॉइंट १०० मिलिवॉटने ओरडतो तेव्हा फोनला तो लांबूनही स्पष्ट ऐकू येतो, पण फोनचा स्वतःचा आवाज बारीक असल्याने त्याचे उत्तर मात्र नीट पोहोचत नाही. मग फोन पुन्हा पुन्हा बोलतो, गती उतरवतो आणि आपली बॅटरी जाळतो. काड्या भरलेल्या दिसतात त्या फोनला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या. फोनचे म्हणणे पलीकडे किती पोहोचते ते त्या सांगत नाहीत. दोन्ही बाजूंचे आवाज जवळपास सारखे ठेवले की हा एकतर्फी संवाद थांबतो.

दुसरे असे की मुलगा तळमजल्यावरून वर गेला तरी त्याचा फोन जुन्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहत असे, कारण त्याचा आवाज अजून ‘बरा’ येत होता. असा लांबचा फोन मंद गतीने बोलतो आणि सगळ्यांना खोळंबून ठेवतो. १५०० बाइटचा एक संदेश १ मेगाबिटने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ५४ मेगाबिटने ०.२२ मिलिसेकंद. वरखर्च सोडला तर एका मंद संदेशाच्या वेळात पन्नासाहून अधिक वेगवान संदेश मावतात. वाय-फाय प्रत्येकाला बोलण्याची संधी साधारण सारखी देते. कोणी किती वेळ बोलावे यावर मात्र त्याचा धाक नसतो. सभेत माइक हाती आलेल्या एका रटाळ वक्त्यामुळे बाकीच्या पाच जणांचे काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

---

कौलारू

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. वीजबचतीचे श्रेय या आखणीला देणे मला पटत नाही. अशा सभागृहात डझनभर पंखे असणार. साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दोन पंखे बदलले तर जेवढी बचत होईल तेवढी तुमच्या सगळ्या नेटवर्कची एकूण वीजही नसेल. मग मिलिवॉटांचा हा हिशेब कशासाठी? दुसरे, तुम्ही शेवटी केबलच टाकली. मग हे वायरलेस जाळे वेगवान झाले की वायरचे?

---

तारायंत्री

राग कसला; पंख्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि मी समितीला पहिले पत्र पंख्यांबद्दलच दिले होते. आता नेटवर्कचे खरे आकडे देतो. आधीची सगळी उपकरणे मिळून प्लगमधल्या मीटरवर ४१ वॉट दिसत होती. नवी व्यवस्था पीओई स्विचसह ३८ वॉट घेते. म्हणजे भिंतीतून येणारी वीज जवळपास तेवढीच राहिली. खजिनदारांनी तो आकडा पाहून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

फरक पडला तो वेळापत्रकाने. अभ्यासिका रात्री १० ते सकाळी ६ बंद असते. पीओई असल्यामुळे वरच्या मजल्याची दोन पोर्ट त्या वेळेत स्विचमधूनच बंद होतात; तिथे १४ वॉट वाचतात, आठ तासांचे ११२ वॉट-तास, वर्षाला साधारण ४१ युनिट. रक्कम लहान आहे, पण ती कुणाच्याही आठवणीवर अवलंबून नाही. तळमजल्याचे एक पोर्ट कार्यालयातील हजेरीच्या यंत्रासाठी चालू ठेवावे लागत होते, पण ते जुने यंत्र १ मेगाबिटची गती बंद केल्यावर जोडलेच जाईना. दोन दिवस त्याच्याशी झटापट केल्यावर त्याला सरळ केबल लावली.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जी वस्तू जागची हलत नाही तिने हवा वापरू नये. आमचे चार कॅमेरे चोवीस तास प्रत्येकी ४ मेगाबिट हवेतून पाठवत होते. ते केबलवर गेले त्या दिवशीच निम्म्या तक्रारी बंद झाल्या. केबलची १०० मीटरची मर्यादा आमच्या इमारतीला पुरून उरते, आणि २००३ पासूनच्या पहिल्या पीओई मानकाचे पोर्टामागे १५.४ वॉट या कामाला पुरेसे आहेत. हवा ज्यांना केबल लावताच येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवायची.

उरली फोनची बॅटरी. १४० फोन दिवसभर टेबलावर पडून असतात, आणि समितीच्या वीजबिलात नसला तरी खर्च तिथेही होत असतो. फोन झोपलेला असताना त्याच्यासाठी आलेले संदेश ॲक्सेस पॉइंट सांभाळून ठेवतो, आणि ‘तुझे टपाल आले आहे’ एवढे बीकनमध्ये सांगतो. सर्वांसाठीचे संदेश मात्र ठरावीक बीकननंतर एकदम सोडले जातात, आणि त्यासाठी फोनांना उठावे लागते. हे दर बीकनला होत असेल तर सेकंदाला जवळपास दहा वेळा उठणे आले. दर तिसऱ्या बीकनला ठेवले तर तीन वेळा. त्याहून मोठा उपद्रव म्हणजे प्रत्येक लॅपटॉप अधूनमधून ‘प्रिंटर कोणी पाहिला का’ अशी आरोळी ठोकतो आणि ती ऐकायला सगळे जागे होतात. विद्यार्थ्यांच्या उपकरणांना परस्परांशी बोलण्याची गरज नसल्याने आम्ही ती वाटच बंद केली.

---

जुनीलहर

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. माझे सगळे आयुष्य दूरसंचाराच्या मायक्रोवेव्ह दुव्यांच्या देखभालीत गेले, त्यामुळे दोन मुद्द्यांची भर घालावीशी वाटते.

पहिला माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्राचा. दुव्याची क्षमता चॅनेलच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण शक्तीच्या बाबतीत ती लॉगरिदमच्या चालीने वाढते. म्हणजे रुंदी दुप्पट केली आणि गोंगाटही दुप्पट होतो म्हणून शक्तीही दुप्पट केली, तर वेग दुप्पट होतो आणि दर बिटामागची ऊर्जा तेवढीच राहते. रुंदी तीच ठेवून नुसत्या शक्तीच्या जोरावर एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, दोन बिट अधिक कोंबायचे म्हटले, तर प्रत्येक वेळी शक्ती साधारण चौपट, म्हणजे ६ डेसिबलने वाढवावी लागते. वाय-फाय ६ मध्ये एका चिन्हात १० बिट मावतात आणि वाय-फाय ७ मध्ये १२. जाहिरातीत हा मोठा टप्पा वाटतो, पण तो आकडा राउटरच्या अगदी जवळ बसलेल्यालाच मिळतो. निव्वळ ऊर्जेचा विचार केला तर रुंद चॅनेल आणि हळू आवाज हीच रीत किफायतशीर आहे.

मग धागाकर्त्यांनी ८० चे ४० का केले? कारण सूत्रात शेजारी नसतो आणि अभ्यासिकेत असतो. चार ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील तर रुंदी ही सामाईक विहीर आहे. चौघांनी एकच रुंद चॅनेल वापरून रांग लावण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःचा अरुंद चॅनेल वापरलेला बरा. एखाद्या शेतघरात एकटाच ॲक्सेस पॉइंट असेल तर मी त्याला खुशाल ८० देईन.

दुसरा मुद्दा ॲम्प्लिफायरचा. आजचे वाय-फाय एकच लहर न पाठवता शेकडो बारीक लहरी एकत्र पाठवते, आणि त्या मधूनच एका सुरात आल्या की क्षणभर मोठे शिखर उठते. ते शिखर कापले गेले तर संदेश बिघडतो, म्हणून ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीच्या बराच खाली चालवावा लागतो, जसा उसळणारे दूध ओतू जाऊ नये म्हणून आपण पातेले अर्धेच भरतो. त्या रिकाम्या भागाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. चिन्हात बिट जितके जास्त, तितके पातेले अधिक रिकामे ठेवावे लागते. राउटर गरम होतो त्यामागे हेही एक कारण आहे.

थोडे अवांतर: हवेतल्या वेळाची ही सगळी कथा १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू केलेल्या अलोहा जाळ्यापासूनची आहे. त्यात ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे असा नियम होता, आणि त्यामुळे चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ कारणी लागू शकत असे. बोलण्याचे क्षण सर्वांसाठी ठरवून दिले तेव्हा ती मर्यादा ३७ टक्क्यांवर गेली. नुसत्या शिस्तीने दुप्पट! तिथे कोणीही शक्ती वाढवली नव्हती.

---

द्राक्षवेल

जुनीलहर यांचे पातेले समजले. मी निफाडकडचा द्राक्षबागाईतदार, आणि माझे जाळे माणसांचे नसून सेन्सरांचे आहे. पान किती तास ओले राहिले आणि तापमान किती होते हे कळले तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी अंदाजाने न करता वेळेवर करता येते. त्यासाठी मी वाय-फायची चिप असलेला एक शिकाऊ बोर्ड, एक सेन्सर आणि २५०० मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी अशी खोकी तयार केली.

कागदावरचा हिशेब असा होता. चिप सतत जागी राहिली तर सुमारे १०० मिलिअँपिअर घेते, म्हणजे बॅटरी २५ तासांत संपते. ती दर पंधरा मिनिटांनी उठली, राउटरला जोडली गेली, आकडा पाठवून चार सेकंदांत झोपली तर दिवसाला ९६ वेळा चार सेकंद, म्हणजे ३८४ सेकंद जागरण. ते झाले साधारण १०.७ मिलिअँपिअर-तास. गाढ झोपेत ती १० मायक्रोअँपिअरच घेते, त्याचे दिवसाचे पाव. एकूण ११ धरले तरी बॅटरी सव्वादोनशे दिवस चालायला हवी होती. छाटणीपासून काढणीपर्यंतचा हंगाम सहज निघतो.

प्रत्यक्षात ती विसाव्या दिवशी मेली. दुसरी भरून लावली, तीही विसाव्या दिवशी गेली. मी एक आठवडा चिपचा प्रोग्राम तपासत बसलो. शेवटी मिलिअँपिअर मोजणारे मीटर बॅटरीच्या तारेत मधे घातले, तेव्हा चिप गाढ झोपेत असतानाही काटा पाचाच्या थोडा वरच थांबलेला दिसला. बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर काहीही काम नसताना पाच मिलिअँपिअर पीत होता, आणि वर एक लाल दिवा कौतुकाने लुकलुकत होता. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास तिथेच जात होते. दिवा उपटला, रेग्युलेटर मायक्रोअँपिअरवाला लावला, आणि मग हिशेब जुळू लागला.

त्यानंतर मूळ लेखातले ‘लवकर आटोपणे’ कामी आले. चार सेकंदांपैकी जवळपास तीन सेकंद सगळे चॅनेल धुंडाळण्यात आणि राउटरकडे पत्ता मागण्यात जात होते. चिपला चॅनेल आणि राउटरची ओळख लक्षात ठेवायला लावली, पत्ता कायमचा नेमून दिला, आणि जागरण एका सेकंदावर आले. दिवसाचा खर्च तीन मिलिअँपिअर-तासांच्याही आत आला.

बागेच्या पलीकडच्या टोकाला वाय-फाय पोहोचत नाही, तिथे मी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यातील लोरा ही थोड्या विजेवर लांब पल्ला गाठणारी रेडिओ पद्धत वापरतो. तिथेही हाच न्याय दिसला. सिग्नल अशक्त असला की लोरा गती उतरवत नेते. सर्वात मंद गतीला माझ्या छोट्या संदेशाला सेकंदाहून अधिक हवा लागते, सर्वात वेगवान गतीला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. मी शक्ती वाढवली नाही. घरावरची अँटेना पत्र्याच्या वर चार मीटर उंच पाइपवर नेली. मंडपाची पाने आणि ओलावा यांच्या वरून नजर जाऊ लागली, सगळी खोकी आपोआप वेगवान गतीवर गेली, आणि बॅटऱ्या बदलण्याचे काम मागे पडले. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार मात्र पाइपाला जरूर जोडावी.

---

कौलारू

द्राक्षवेल, तुमचा लाल दिवा वाचून माझा विरोध मी निम्मा मागे घेतो. पंख्याच्या तुलनेत मिलिवॉट क्षुल्लक असतात, पण बॅटरीवरच्या खोक्याला तेच सर्वस्व असते, हे ध्यानात आले नव्हते. उरलेला निम्मा विरोध कायम: नवनवीन वाय-फायचे आकडे वाढत जातात तसे राउटरही जास्त वीज खाऊ लागले आहेत. वाय-फाय ७ च्या नावाने कुणी अभ्यासिकेला नवी खरेदी करायला लावू नये.

---

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहीत आहे. कौलारू यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, पण सहा आणि सात यांत फरक करावा असे सुचवतो.

वाय-फाय ६ मध्ये वेगापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलचे नऊपर्यंत तुकडे करून एकाच वेळी नऊ उपकरणांशी बोलता येते. त्याआधी एका प्रवाशासाठीही अख्खी एसटी सोडावी लागत असे, आणि आपले बहुतेक संदेश एकेकट्या प्रवाशासारखे चिमुकलेच असतात. दुसरी म्हणजे उपकरण आणि ॲक्सेस पॉइंट यांनी आपसांत भेटीची वेळ ठरवून घेणे. सेन्सर म्हणतो, मी दर दहा मिनिटांनी उठेन. मग मधल्या वेळात त्याला एकही बीकन ऐकण्याचे कारण उरत नाही. ही कल्पना आधी १ गिगाहर्ट्‌झच्या खाली चालणाऱ्या ८०२.११एएच या सेन्सरांसाठीच्या मानकात होती, तिथून ती सर्वसामान्य वाय-फायमध्ये आली. मात्र दोन्ही टोकांना ही सोय असावी लागते, आणि अनेक स्वस्त फोन व राउटर ती खोक्यावर लिहूनही नीट वापरत नाहीत. खरेदीपूर्वी एका उपकरणावर प्रत्यक्ष पडताळून पाहावे.

वाय-फाय ७ चा खरा उपयोग ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असेल तिथे आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तिथे १२०० मेगाहर्ट्‌झ मोकळे केले. युरोपात आम्हाला २०२१ पासून ५९४५ ते ६४२५ एवढेच मिळाले. भारतात ५९२५ ते ६४२५ साठीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. या पट्ट्यात जुनी उपकरणे नाहीत, त्यामुळे १ मेगाबिटची दवंडीही नाही. मला त्याचे मोल ३२० मेगाहर्ट्‌झच्या रुंदीपेक्षा अधिक वाटते. त्या पट्ट्यावर चालणारी उपकरणे हाती येईपर्यंत भारतातील अभ्यासिकेला ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झालेला ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तारित भाग पुरेसा आहे. इथे युरोपात त्यातल्या काही चॅनेलांवर आधी रडार आहे का हे ऐकत बसावे लागते. बहुतेकांवर एक मिनिट, आणि हवामानाच्या रडारच्या पट्ट्यात तब्बल दहा मिनिटे. आमच्या कार्यालयात वीज गेल्यावर नेट दहा मिनिटांनी का येते, हे कोडे मला दोन वर्षांनी सुटले होते.

---

मृद्गंध

सर्वांचे आभार, एवढे कळल्यावर घरचा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. पुण्यात आमची दोन बेडरूमची सदनिका आहे. राउटर दाराजवळ टीव्हीच्या मागे आहे, माझी खोली दुसऱ्या टोकाला. नेट पुरवणारे म्हणतात की रिपीटर घ्या. शेजारच्या सदनिकांची मिळून तेवीस नावे माझ्या फोनवर दिसतात. मी काय करावे?

---

तारायंत्री

रिपीटर घेऊ नये. आधी राउटर टीव्हीच्या मागून काढून शक्य तितका घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवून पाहावा. टीव्हीचा धातूचा पत्रा आणि फिश टँक या दोन गोष्टींनी मी जितकी घरे बिघडलेली पाहिली तितकी भिंतींनीही बिघडवलेली नाहीत. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स शेजारीच आहेत, तर त्यांना मीटरभराच्या केबलने जोडावे, म्हणजे घरातला सर्वात मोठा व्हिडिओ हवेतून उतरतो.

तेवीस नावे दिसतात ती बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर आहेत. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, तेव्हा त्या गर्दीत जागा शोधण्यात अर्थ नाही. तो पट्टा बल्ब, घंटी आणि जुन्या उपकरणांसाठी २० मेगाहर्ट्‌झ रुंदीवर सोडून द्यावा, आणि फोन व लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्‌झचे वेगळे नाव देऊन फक्त त्याच्याशी जोडावे. ५ गिगाहर्ट्‌झ भिंतीत लवकर विरते हे इथे आपल्या फायद्याचे आहे, कारण शेजाऱ्यांचेही तसेच विरते.

इतके करूनही तुमच्या खोलीत अडले तर दाराजवळच्या राउटरपासून छताच्या कडेने एक पातळ केबल खोलीपर्यंत न्यावी आणि तिथे एक साधा ॲक्सेस पॉइंट लावावा. केबल दिसते म्हणून घरातले नाराज होतील. आमच्याकडे आईने तिच्यावर पडद्याची पट्टी चढवून घेतली, आता कुणाच्या लक्षातही येत नाही.